जिन्याखालचा जावई

बल्ब विझला आणि खोक्यातली अकरा अंडी अंधारात गेली. जुलेखाभाभीने दोन्ही हात कोपरापर्यंत खोक्यात घातले, अंडी चाचपली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आक्का, जावई रुसला."

जावई म्हणजे आमच्या जिन्याखालचा, तिच्या फ्लॅटचा लाईटचा मीटर. आधी पैसे भरा, मग लाईट वापरा, अशा जातीचा. पैसे संपले की बंद. संपायच्या आधी मोबाईलवर मेसेज येतो, पण भाभीचा मोबाईल दोन दिवस मेलेला होता. चार्जिंगला लाईट जाते म्हणून तिने तो लावलाच नव्हता. जेवढी लाईट तेवढी बल्बाला. आता पैसे भरायचे तर मोबाईल हवा, आणि मोबाईल सुरू व्हायचा तर लाईट हवी.

"थांबा, माझा आणते," म्हणून मी उठले. समोरच माझं दार. मी पॅसेजमध्ये पाय टाकला आणि वाऱ्याने ते माझ्या तोंडावर आपटलं. गावाकडे आमचं दार दिवसभर सताड उघडं असतं. या फ्लॅटांची दारं नुसती लोटली गेली तरी कुलूप बसतं. चावी आत, मोबाईल आत, आणि दुसरी चावी घेऊन नात कॉलेजात. ती संध्याकाळी येणार.

जानेवारी होता. भाभीच्या फ्लॅटात ऊन म्हणून येत नाही, फरशीवर पाय ठेवला की कळ जाते. वरचे भाडेकरू नवरा-बायको कामाला गेलेले, खालची दुकानं सुट्टीची बंद. इमारतीत आम्ही दोन म्हाताऱ्या आणि ती अंडी. त्यातल्या काहींतून सकाळपासून टोचल्याचा आवाज येत होता. आज-उद्या फुटायची. आता गार पडली तर पिलं आतल्या आत मरायची.

आणि रविवारी भाभीचा खरा जावई, सलीम, तिला कायमची सांगलीला न्यायला येणार होता. ती अंडी माझ्या कोंबडीची होती. जायच्या आधी माझा वाटा माझ्या हातात द्यायचा, याच्यापुढे तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"आक्का, पदर काढा."

"काय?"

"पदर वो! वटी करा वटी. तुमची पाच तुमी घ्या, माझी पाच मी घेते. अंगाची ऊब द्या."

माझ्या वाट्याच्या अंड्यांना तिने पहिल्याच दिवशी कुंकू लावलं होतं, स्वतःच्या अंड्यांना काजळ. कुंकवाची पाच तिने माझ्या ओटीत ठेवली आणि वर गोधडी टाकली. एक उरलं. त्याला काहीच लावलेलं नव्हतं.

"आणि हे अकरावं?" मी विचारलं.

"ते वरचं हाय. गिऱ्हाइकाचं," ती म्हणाली आणि ते माझ्या मुठीत दिलं.

काजळाची पाच तिने जुन्या धोतराच्या पट्टीत गुंडाळून पोटाला बांधली. त्यावर मेलेल्या नवऱ्याचा स्वेटर, त्यावर बुरखा. मोबाईलच्या दुकानात पैसे भरून मिळतात, तिकडे ती निघाली. दारात वळली.

"हलू नका. खोकू नका. डुलकी येतीय असं वाटलं तर यायच्या आधीच जाग्या व्हा."

आणि ती गेली. मी बसून राहिले.

आता ही बाई कोण ते सांगते. बसल्या बसल्या मला दुसरं कामही नव्हतं.

आमच्याकडे ऊस आहे. ऊस असलेल्या घरातलं पोर कराडला इंजिनीअरिंगला लागलं की घरातली एक म्हातारी उचलतात आणि कॉलेजजवळच्या भाड्याच्या फ्लॅटात नेऊन ठेवतात, भाकरी करायला. ऋतुजासाठी तशी मला ठेवली. समोरच्या फ्लॅटात जुलेखाभाभी एकटी. जातीची मणेर. सगळा जन्म बांगड्या भरण्यात गेला. औंधला यमाईची जत्रा असली की दुकान तिकडे, एरवी कराडात दारोदार. पहिल्या दिवशी मी दार उघडलं तर तिने माझं तोंड बघितलं नाही. हात बघितला.

"दोन-आठ," ती म्हणाली. "पर हाडं आडवी येत्यात. तेल लावून भरावं लागंल."

मी म्हटलं, "मी बांगड्या भरायला आले न्हाई. भाड्यानं आलीय."

"भाड्यानं आलं म्हंजी काय हात उघडं ठिवायचं?"

मी विधवा आहे हे तिला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. तिने मला तिथेच खाली बसवलं आणि हिरव्या सोडून काचेच्या निळ्या भरल्या. एकही तडकली नाही. दोन्ही हातांना सारख्या झाल्यावर तिने आणखी एक चढवली. "ही वरची. गिऱ्हाइकाची." कुणालाही भरल्या की एक वर द्यायची, ही तिची रीत होती. त्या एकीचे पैसे घेत नसे, आणि द्यायला गेलं तर भांडत असे.

देण्याघेण्यात ती फार त्रासदायक बाई होती. वाटीभर साखर नेली तर वाटीभरच परत आणायची, तीही त्याच वाटीतून, आणि वर बोटाने सपाट करून. मी म्हणायचे, राहू द्या, चहा पावडर द्या त्याच्याऐवजी. तर म्हणे, "साखर न्हेली, साखर द्यायची. तुमी मला रडू दिलं तर मी काय हसू परत आणून द्यायचं?"

मग मीटरचं. घरमालक पुण्याला. आधीचे भाडेकरू बिलं बुडवून पळाले म्हणून त्याने सगळ्या फ्लॅटांना हे आधी पैसे घेणारे मीटर बसवले. भाभीने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं आणि त्याला जावई ठरवून टाकला.

"बगा की आक्का. बसायला कपाट त्याला. आधी ताट वाढायचं, मग तो काम करणार. आन् जरा उशीर झाला की रुसला."

ती त्याला शंभर-शंभराचा घास घालायची. एकदम भरलं तर जास्त खातो, असं तिचं मत. सकाळी दूध आणायला जाताना आणि संध्याकाळी परत येताना जिन्याखाली वाकून त्याच्या पडद्यावरचा आकडा वाचायची. अक्षरं तिला येत नव्हती. आकडे पक्के.

एकदा भाचीच्या लग्नाला चार दिवस गेली. जाताना मेन स्विच बंद, फ्रिज रिकामा, त्याचं दार उघडं टाकलेलं. परत येऊन बघते तर आकडा खाली आलेला. जिन्यातून ओरडतच वर आली. "मी घरात न्हाई, माजी सावली घरात न्हाई, तरी ह्यो जेवला!"

ऋतुजाने समजावलं की मीटर असल्याचे पैसे रोज कापतात, लाईट वापरली काय, नाही वापरली काय. ते भाभीला पटलं नाही. तिने पुण्याला घरमालकाला फोन लावला.

"साहेब, मी तुमच्या घरात ऱ्हाते त्याचं भाडं देते. आता तुमचा मीटर माज्या पैशात ऱ्हातोय, त्याचं भाडं मला कोण देणार?"

पलीकडून फोन बंद झाला. "विचार करतोय," भाभी म्हणाली.

कुठली वस्तू किती खाते हे शोधायचं तिने ठरवलं, तेव्हा सगळ्या इमारतीची करमणूक झाली. ती खाली मीटरसमोर पाट टाकून बसली. मी वर तिच्या घरात. सगळी बटणं बंद करून एकेक लावायचं आणि जिन्यातून ओरडायचं. मीटरवर एक बारीक लाल दिवा आहे, लाईट जास्त गेली की तो भराभर लुकलुकतो.

"पंखा लावला!"

"चालतोय. गाभण म्हशीवानी."

"टीव्ही!"

"ह्यो बी चालतोय. बातम्या लावा. बातम्यांना जास्त जाती का?"

"तेवढीच जाती वो!"

"बगा मग, गप बसलेल्याला बी तेवढंच आन् बोंबलणाऱ्याला बी तेवढंच. आता काय?"

"मिक्सर!"

"आरं देवा, पळाय लागला!"

"गिझर!"

खालून किंकाळी आली. "बंद करा! बंद करा! आवं त्याचा डोळा मिटंना!"

त्या दिवसापासून गिझरच्या बटणावर तिने कापडाची पट्टी चिकटवली. आंघोळीचं पाणी गॅसवर. इस्त्री गादीखाली, म्हणजे साडीच गादीखाली. वरच्या मजल्यावरची ती नोकरीवाली पोरगी तिला म्हणाली, "भाभी, एवढं काय करता, शंभर-दोनशेचा फरक." भाभीने तिचा हात हातात घेतला, मनगट दाबून बघितलं आणि म्हणाली, "दोन-चार. लहान हाय अजून." पोरगी हसत निघून गेली. तिला शिवी बसली हे तिला कळलं नाही.

एकदा रविवारी तिचे पैसे संपले आणि पैसे भरायची सगळी भानगडच बंद होती. मी माझ्या स्वयंपाकघरातून वायर टाकली, पॅसेजमधून तिच्या दाराखालून. तिचा फ्रिज चालला, टीव्ही चालला. दुसऱ्या दिवशी तिचा मीटर सुरू झाला. सकाळी बघते तर तीच वायर उलटी. तिच्या घरातून माझ्या घरात. "तुमचं बटण बंद करा," ती म्हणाली. "काल जेवढा येळ मी तुमची घेतली, तेवढा येळ आज तुमी माजी घ्या."

मी म्हटलं, "येडं लागलंय का भाभी?"

"लाईट न्हेली, लाईट द्यायची."

मी दिवसभर तिच्या लाईटीवर पंखा लावून बसले. थंडीत. घेतल्याशिवाय ती वायर काढूच देईना.

तर अशा बाईला मी कोंबडी दिली. गावाकडून येताना पिशवीत घालून आणली होती, ऋतुजाला गावरान अंडी मिळतील म्हणून. ऋतुजा म्हणाली, "आज्जी, फ्लॅटमध्ये कोंबडी? माझ्या मैत्रिणी येतात." मग भाभीला निम्म्यानं दिली. आमच्याकडे जनावर असं देतात. जनावर एकाचं, राखण दुसऱ्याची, आणि पिलं होतील ती निम्मी निम्मी. भाभीने तिला बाल्कनीत ठेवली आणि दिवसा खाली सोडायची, तिथे शेजारच्या इमारतीतला कोंबडा असायचा. कोंबडी खुडूक झाली तशी भाभीने तिच्याखाली अकरा अंडी मांडली. आणि एका सकाळी कोंबडी दाणे टिपायला उतरली, तेवढ्यात बोक्याने तिला धरली. भाभी केरसुणी घेऊन त्याच्या मागे शेजारच्या इमारतीपर्यंत धावली. परत आली ती नुसती केरसुणी घेऊन.

मी म्हटलं, "जाऊ द्या. अंड्यांचं कालवण करू."

तिने केरसुणी माझ्या पायाशी आपटली.

"कोंबडी तुमची हुती. राखण माजी हुती. वाटा म्हंजी वाटा."

त्याच सकाळी तिने औषधाच्या दुकानातून थर्माकोलचं खोकं आणलं आणि गाव पालथं घालून एक जुना पिवळा बल्ब शोधला. हल्लीचे पांढरे नुसता उजेड देतात, ऊब देत नाहीत. पिवळा ऊब देतो, पण खातोही तसाच. तो दिवसरात्र पेटता ठेवायचा म्हणून भाभीने फ्रिज बंद केला, टीव्ही बंद केला, संध्याकाळी खोक्याच्या उजेडात भाकरी खाल्ली. नसीम, तिची मुलगी, सांगलीहून फोन करायची, "अम्मी, येतीस ना रविवारी?" भाभी म्हणायची, "येते. जावयाला विचारून सांगते." मग नसीम म्हणायची, सलीम तर हो म्हणतोय. भाभी म्हणायची, "तो न्हवं."

अंडी फुटायचे दिवस जवळ आले तशी दोन दिवस ती खोक्यापासून हललीच नाही. दूध मीच आणलं. त्यामुळे एरवी सकाळ-संध्याकाळ वाकून बघितला जाणारा आकडा त्या दोन दिवसांत कुणी बघितला नाही.

तर ते तसं झालं.

मी गोधडीत बसले होते. गुडघे दुखत होते. मुठीतलं अंडं घामाने ओलं झालं होतं. एवढ्यात माझ्या पोटावर कुणीतरी टोचलं. चार लेकरं झालेल्या बाईला ते नवीन नाही, पण आजवर आतून टोचायची, हे बाहेरून. मी श्वास धरून बसले. दुसऱ्यांदा टोचलं. मग बारीक चिव असा आवाज आला. मी त्या चिवला म्हटलं, "थांब जरा. तुझी मालकीण दुकानात गेलीय." एकटं माणूस कुणाशीही बोलतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. खोक्यातला बल्ब एकदम पेटला. मागोमाग जिन्यात भाभीची धाप ऐकू आली. आत येताच तिने आधी माझ्या ओटीत हात घातला, मग स्वतःचा बुरखा सोडला. सगळी अंडी खोक्यात गेल्यावरच भिंतीला टेकली.

"काय सांगू आक्का. त्या पोराला मीटरचा नंबर पायजे. मी म्हनलं, लिव्ह. दोन-सहा, दोन-सहा, दोन-चार, दोन-आठ. तो म्हणतो, मावशी, बांगड्या न्हाईत हितं, पलीकडल्या दुकानात. मी म्हनलं, तुज्या मायला मी बांगड्या भरल्यात, मला शिकवू नको, हाच नंबर हाय."

"मग?"

"मग त्याची रेंज गेली. मी हुबी. तेवढ्यात पोटात एक बोललं."

"काय बोललं?"

"चिव. लोकं बघाय लागली. त्या पोरानं माज्या पोटाकडं बघितलं. मी म्हनलं, सकाळपास्नं उपाशी हाय मी, आता पोट बोलाय लागलंय, लवकर भर. त्यानं हातातलं सगळं टाकून माजं पयलं केलं."

मी इतकी हसले की मला खोकला लागला. ती म्हणाली, "आता खोका. आता काय बी करा."

दुसऱ्या दिवशी पिलं निघाली. कुंकवाच्या पाचांतून चार. वरच्यातून एक. काजळाच्या पाचांतून फक्त दोन. तिची तीन चालण्यात गेली, हे मला कळलं आणि तिलाही.

"सगळी एकत्र करू आन् वाटू," मी म्हटलं. "तुमी माझ्यापायी उन्हातानात हिंडला."

"ऊन कुठं हुतं? ऊन असतं तर मी कशाला हिंडले असते?" ती म्हणाली. "कुंकवाची तुमची. काजळाची माजी. वरचं गिऱ्हाइकाचं."

"तीन-चार करू निदान. ह्यातली दोन घ्या."

"आक्का, बांगडी माज्या हातनं फुटली तर ती मी गिऱ्हाइकाला लावत न्हाई."

एवढं बोलून तिने विषय संपवला, आणि मीही संपवला. तिच्याशी भांडून मला कधी काही मिळालं नाही.

रविवारी सलीम टेम्पो घेऊन आला. तो हळदीच्या अडतीवर कामाला, त्याच्या शर्टाचे हातही पिवळे. सामान थोडंच होतं. "अम्मी, पिलं कशाला? सांगलीत पायजे तेवढी मिळत्यात," तो म्हणाला. "ही न्हाई मिळत," भाभी म्हणाली आणि दोन पिलांची टोपली स्वतः घेतली.

मग मी पॅसेजमध्ये आले तर माझ्या दाराखालून वायर आत गेलेली. त्या दुपारी दुकानात असताना धास्तीने तिने मीटरमध्ये आयुष्यात पहिल्यांदा एकदम भरपूर पैसे भरले होते. उरलेले परत मिळत नाहीत, असं घरमालक म्हणाला होता.

"हे काय भाभी?"

"तुमच्या अंगाची ऊब न्हेली हुती मी. ऊब द्यायची. सयपाकघरातला दिवा ह्याच्यावर लावा, संपस्तोवर. चावी तुमच्याकडंच ठेवा, घरमालकाचा माणूस आला की द्या."

ती खाली उतरली. टेम्पो सुरू झाला होता, सलीम हाक मारत होता. मी वरून कठड्याला धरून बघत होते. ती जिन्याखाली वाकली. पडद्यावरचा आकडा वाचला आणि मीटरच्या पेटीवर दोन बोटं आपटली.

"चार दिस आक्कांकडं जेवा," ती त्याला म्हणाली. "हट्ट करू नका. त्यांना लय बोलाय येतं."

सलीम राहिलेल्या दोन खुर्च्या घेऊन दारात उभा होता. त्याने इकडेतिकडे बघितलं, कोण आहे ते. कुणी नव्हतं. मग ती टेम्पोत पुढे बसली, टोपली मांडीवर घेऊन, आणि वर न बघता गेली.

तो दिवा बरेच दिवस जळला. एका सकाळी भाकरी थापताना गेला. मी खाली जाऊन बघितलं, तिच्या मीटरवर काही नव्हतं. मी वायर गुंडाळली आणि फळीवर ठेवली.

पुढे ऋतुजाचं कॉलेज झालं, मी गावाकडे आले. भाभी सांगलीत दमा होऊन गेली. नसीमने फोन करून सांगितलं. तिची दोन्ही पिलं कोंबडे निघाली, त्यांचा सलीमने रस्सा केला; भाभीनेच करायला लावला म्हणे, आणि वाटी भरून शेजारी दिली. माझ्या चारांतली एक घारीने नेली, एक मुंगसाने, दोन पाहुण्यांना लागली. वरचं तेवढं कोंबडी निघालं. आता अंडी देत नाही. ओट्यावर बसते, मी पण बसते. त्या दुपारच्या आता आम्ही दोघीच आहोत.